सहा आकड्यांची शिकवण
(जऊळका येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज आपल्या गावात घरोघरी मोबाईल आहे. मूल तो भराभर चालवते, आणि आपण कौतुकाने सांगतो, "आमच्या पोराला सगळं येतं." परंतु ट्रॅक्टर चालवणे वेगळे आणि त्याचे इंजिन खोलून पुन्हा बसवणे वेगळे. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला की आपण मिस्त्रीला शोधत फिरतो. आपली मुले नुसती चालक राहणार की मिस्त्रीही होणार, हा प्रश्न आज मी आपणांपुढे ठेवतो.

१९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली. तिच्यातून निवडक माध्यमिक शाळांना 'बीबीसी मायक्रो' हा संगणक मिळाला. इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीने तो १९८१ मध्ये बाजारात आणला होता. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. मोबाईलवर काढलेला आजचा एक फोटोही तीत मावायचा नाही. पण त्यात एक मोठी सोय होती. सोप्या बेसिक भाषेबरोबरच, यंत्राच्या अगदी जवळची असेंब्ली भाषा लिहिण्याची व्यवस्था त्यात आधीपासूनच केलेली होती.

ती यंत्रे केव्हाच मागे पडली. तरीही जगभरातील अनेक जाणती माणसे आज हौसेने त्या असेंब्लीकडे परत वळत आहेत. याचे कारण असे की, ते यंत्र एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावते. त्यातील ६५०२ हा प्रोसेसर १९७५ सालचा. त्यात सुमारे ३,५०० ट्रान्झिस्टर आणि आज्ञा फक्त ५६. आजच्या मोबाईलच्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर अब्जावधी असतात. ते कोण एकटा समजून घेणार?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा एक मोफत प्रोग्रॅम घेऊन मीही बसलो. मी कला शाखेचा पदवीधर; तरी चिकाटी धरल्यावर मलाही ते उमगू लागले. हे सहा आकडे पाहा : १६९, ६५, ३२, २३८, २५५, ९६. हा एक पूर्ण प्रोग्रॅम आहे. १६९ म्हणजे "पुढचा आकडा 'ए' नावाच्या खणात ठेव." तो आकडा ६५, म्हणजे इंग्रजी वर्णमालेतील पहिले मोठे अक्षर. ३२ म्हणजे "पुढे दिलेल्या पत्त्यावर जा". २३८ आणि २५५ मिळून तो पत्ता होतो, आणि तेथे अक्षर पडद्यावर उमटवण्याचे काम चालते. ९६ म्हणजे "काम झाले, परत ये." शेवटचा आकडा विसरलात, तर यंत्र पुढे जे सापडेल तीच आज्ञा समजून चालू लागते. यंत्र अंदाज करीत नाही. विचार आपल्यालाच करावा लागतो.

त्या खणात जास्तीत जास्त २५५ मावतात. त्यात एक मिळवला की खणात शून्य उरते आणि एक हातचा बाजूला पडतो. तोच हातचा, जो आपण प्राथमिक शाळेत शिकलो!

हे ज्ञान जुने म्हणून निरुपयोगी समजू नका. बीबीसी मायक्रोची बेसिक भाषा लिहिणाऱ्या सोफी विल्सन आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फर्बर यांनीच एकॉर्नमध्ये एआरएम प्रोसेसर घडवला. तो १९८५ मध्ये प्रथम चालू झाला. बनवण्याआधी त्याची प्रतिकृती विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्येच लिहून तपासली होती. आज तुमच्या खिशातील मोबाईल बहुधा त्याच घराण्यातील प्रोसेसरवर चालतो.

पालकहो, कोर्सचे प्रमाणपत्र अवश्य मिळवून द्या, पण मुलाला एवढे विचारा, "हे आतून चालतं कसं?" आता तर प्रोग्रॅमही यंत्रच लिहून देते. ते बरोबर की चूक, हे सांगू शकणाऱ्या माणसाची गरज त्यामुळे वाढलीच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, घरी संगणक नाही म्हणून अडून बसू नका. वहीत एक चौकट काढा, एकेक आज्ञा वाचा आणि दर आज्ञेनंतर चौकटीत काय उरले ते पेन्सिलीने लिहा. सहा आकड्यांपासून आरंभ करा. न समजल्यास वही घेऊन माझ्याकडे या. आपण दोघे मिळून हातचा शोधू.