पळून जाताना काय नेसावं?

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही घरांत रेडिओचा आवाज बारीक झाला असेल. काही घरांत, मुलगी स्वयंपाकघरात असेल तर, तिनं कान टवकारले असतील. दोघांनाही सांगते, घाबरू नका. मी कुणाला पळून जा म्हणून सांगायला आलेली नाही. मी शिवणकाम करणारी बाई आहे. चिखलदऱ्यात चाळीस वर्षं मशीन चालवली. रात्रीतून ब्लाऊज शिवून द्या म्हणत दारात आलेल्या कितीतरी मुली पाहिल्या. त्यातली घाईची कुठली आणि घाबरलेली कुठली, ते मला माप घेताना कळतं. घाबरलेली मुलगी श्वास धरून उभी राहते, आणि मग ब्लाऊज तंग होतो.

आणि दुसरं म्हणजे, मी स्वतः पळून आलेली आहे. तेव्हा अनुभवाचं बोलते.

आपल्या अमरावती जिल्ह्याला या विषयाचं वावडं असण्याचं खरं तर काही कारण नाही. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिचं लग्न भावानं, रुक्मीनं, शिशुपालाशी ठरवलं. तिनं एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडला की लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीच्या दर्शनाला गावाबाहेर येते, तिथून मला घेऊन जा. ते देऊळ म्हणजेच अमरावतीची अंबादेवी, अशी आपल्याकडची श्रद्धा. गंमत पुढे आहे. मुलीचं लग्न लवकर जमावं म्हणून घरोघरी एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चं पारायण करायला लावतात. माझ्या मायनंही मला पाटावर बसवून करायला लावलं होतं. पोथी कशाची आहे, याचा विचार तिनं केला नसावा! आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महदंबेनं 'धवळे' रचले, तेही याच लग्नाचे. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीला गावंसं वाटलं ते हेच लग्न.

आता शिवणकामवाल्या बाईच्या नजरेनं या गोष्टीकडे बघा. रुक्मिणीच्या अंगावर त्या दिवशी काय होतं? नवरीचा पूर्ण साज. पण तो साज चढवला होता दुसऱ्याच नवऱ्यासाठी, भावाच्या पसंतीनं. म्हणून तर कुणाला संशय आला नाही. ती नटली तेव्हा सगळ्या घराला वाटलं, पोरगी समजूतदार झाली. दुसरी गोष्ट, ती देवळात पायी गेली असं भागवतात आहे. म्हणजे दोन नियम त्या काळापासूनचे. जे घालाल ते पाहणाऱ्याला रोजच्यासारखं वाटलं पाहिजे, आणि त्यात भरभर चालता आलं पाहिजे.

माझी गोष्ट १९८२ सालची. मी अचलपूरची. वय बावीस. वडील नव्हते, घर मोठ्या भावाच्या हातात. मुलगा चिखलदऱ्याजवळच्या आश्रमशाळेत मास्तर, जात वेगळी. आम्ही विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं ठरवलं. हा कायदा १९५४ चा. त्यात मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा पूर्ण लागतो, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेला लागतो, आणि आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात आणि तीस दिवस थांबावं लागतं. श्रोतेहो, ते तीस दिवस! अमरावतीच्या भिंतीवर आमची दोघांची नावं लटकलेली, आणि अचलपूरचे निम्मे लोक कोर्टकचेरीसाठी अमरावतीला जाणारे. मी घरी भाकरी थापत होते आणि मनात एकच, आज कुणी वाचलं तर?

त्या तीस दिवसांत मी कपड्यांचा विचार केला. दुसरं हातात काहीच नव्हतं.

लग्नाचा ब्लाऊज मी शिवणवर्गात, सर्वांसमोर शिवला. पोपटी रंगाचा. "कुणाचा गं?" असं विचारलं की सांगायचं, गिऱ्हाइकाचा आहे. बाईंनी तो हातात घेऊन बाहीचा घोळ दाखवला, उसवायला लावला, पुन्हा शिवून घेतला. लग्नाच्या ब्लाऊजला इतकी निगराणी कुणाच्या नशिबी आली नसेल. साडी मात्र रोजची, छापील, सुती. शिवणवर्गाला निघालेली मुलगी सकाळी आठ वाजता रेशमी साडीत दिसली की शेजारीण विचारणारच, "कुठी चालली व?" पिशवीत एक जास्तीची साडी, वर शिवणकामाचं कापड. पायात जुन्याच चपला. नवी चप्पल दोन गोष्टी करते, लोकांना दिसते आणि टाच सोलते.

जायचं कशानं हाही प्रश्नच. आमच्या अचलपूरहून तेव्हा शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरला जायची. छोट्या रुळांची गाडी, पाऊणशे किलोमीटरला सुमारे चार तास. पळून जायला ती कामाची नव्हे. भाऊ सायकलवर येऊनही गाठेल! आम्ही परतवाड्याहून एसटी धरली. पण गाडीचं ते नाव आठवलं की मला कण्वांच्या आश्रमातली शकुंतला आठवते. तिनंही घरच्यांना न विचारता लग्न केलं. पुरावा म्हणून जवळ एकच वस्तू, राजाची अंगठी. ती पाण्यात पडली आणि कालिदासाच्या नाटकात भर दरबारात राजा म्हणाला, मी हिला ओळखत नाही. म्हणून मुलींना मी नेहमी सांगते, अंगठी नसली तरी चालेल, कागद हवा. वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, फोटो, आणि लग्नानंतर मिळालेलं प्रमाणपत्र. हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, अंगाजवळ. माझ्या काळात मी परकराला आतून खिसा शिवला होता. आजही सांगाल तर शिवून देते.

आता दागिन्यांचं. नीट ऐका, कारण चूक इथेच होते. घरातलं सोनं नेऊ नका. ते आईनं तुमच्यासाठीच केलेलं असलं, तुमच्याच नावाच्या डब्यात असलं, तरी नेऊ नका. तुम्ही सज्ञान असाल तर तुमच्या जाण्यावर कुणाला बोट ठेवता येत नाही. पण घरातून दागिने गेले तर चोरीची तक्रार होऊ शकते, आणि मग लग्नाची गोष्ट बाजूला राहून पोलीस चौकीची गोष्ट सुरू होते. मी निघण्याच्या आदल्या रात्री माझी एकदाणी, अंगठी, चांदीचे तोडे देव्हाऱ्यात ठेवले आणि वर एक कागद. त्यात वस्तूंची यादी, वजनासह. शेवटी लिहिलं, 'कानातल्या कुड्या अंगावर आहेत, काढल्या तर मायच्या लक्षात येईल. पोस्टानं परत पाठवीन.' त्या कुड्या मायनं मी पाच वर्षांची असताना कानात घातल्या होत्या.

लग्न झालं ते असं. अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना उद्देशून एक वाक्य बोलायचं, की मी तुमचा पती म्हणून स्वीकार करते. कायद्याला तेवढंच लागतं. तिथे शालू लागत नाही, मंगळसूत्र लागत नाही, अक्षता लागत नाहीत. तरीही काळी पोत आम्ही घेतली होती, मण्यांची, सोनं नसलेली. हिरव्या काचेच्या बांगड्या मी एका हातात सहा भरल्या होत्या. एसटीच्या दांड्याला धरता धरता घटांगचा घाट संपेपर्यंत तीन उरल्या. तेव्हा बांगड्या भरायच्या असतील तर मुक्कामाला पोहोचल्यावर भरा.

आणि माझी सर्वांत मोठी चूक. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवर. महिना डिसेंबरचा. मी अचलपूरच्या उन्हातून सुती साडीत निघाले. संध्याकाळी उतरले आणि दात वाजायला लागले. पहिल्या रात्री नवऱ्याच्या शाळेतली घोंगडी दोघांना पुरवली. तीस दिवस एवढा विचार केला, आणि स्वेटर घरी खुंटीला!

घरी काय झालं ते पुढे कळलं. भाऊ तक्रार द्यायला निघाला होता, पोरीनं दागिने नेले म्हणून. मायला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारच्या शाळकरी पोराकडून माझा कागद वाचून घेतला, एकेक वस्तू मोजली आणि भावासमोर ठेवली. भाऊ बसला. आठ दिवसांनी कुड्या रजिस्टर पार्सलनं घरी पोचल्या. उत्तर आलं नाही.

दोन वर्षं काहीच नाही. १९८५ च्या जानेवारीत मला मुलगी झाली. पंधराव्या दिवशी दारात माय उभी. एकटी, परतवाड्याहून एसटीनं आलेली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर ती पहिलं वाक्य बोलली, "थंडीच्या गावाले आली अन् स्वेटर घरीच इसरली!" पिशवीतून स्वेटर काढला. त्याच्या घडीत माझा तो कागद आणि कुड्या. म्हणाली, "तुह्या यादीत सगळं व्हतं, स्वेटर नोहता. म्हणजे थो तुहाच." कुड्यांचं विचारलं तर म्हणाली, "ह्या पोरीच्या."

तिनं मला माफ केलं की नाही, ते ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. एक मात्र सांगते, तिला सोडून येताना मी तिला काही सांगितलं नव्हतं, याचं दुःख तिला दागिन्यांपेक्षा मोठं होतं. ती चौकटीत टेकून बसायची आणि मध्येच म्हणायची, "मले सांगतली असती." सांगितलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित तिनंच स्वेटर दिला असता. कदाचित दाराला कडी लागली असती.

आता चिखलदऱ्यात वेगळीच वर्दळ असते. पावसाळ्यात धुकं उतरलं की लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. मुली पायघोळ गाऊन घालून देवी पॉइंटच्या चिखलात उभ्या. संध्याकाळी त्या माझ्याकडे येतात, काठ फाटलेला घेऊन. त्यांना मी सांगते, इथल्या पावसात घेर कमी ठेवा, घोट्याच्या वर नेसा, टाचेची चप्पल नको, आणि भीमकुंडाच्या बाजूला वारा असतो तेव्हा ओढणीला पिना लावा. छत्री उलटते, रेनकोट बरा. मोगऱ्याच्या गजऱ्याची प्रवासात रया जाते, वर आल्यावर माळा.

पण अजूनही मधूनच एखादी ती दुसरी मुलगी येते. श्वास धरून उभी राहणारी. तिला मी माप घेता घेता चार प्रश्न विचारते. अठरा पूर्ण झाली का? मुलगा एकवीस पूर्ण आहे का? हे तुझ्या मनानं आहे, की तो घाई करतोय म्हणून? आणि घरात एकाला तरी माहीत आहे का? पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर डळमळीत आलं तर मी ब्लाऊज शिवत नाही. चहा देते आणि घरी जा म्हणते. उत्तरं नीट आली तर सांगते, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची किंवा जातीची परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ च्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असाही त्या निकालात आदेश आहे. भीती असेल तर लपून बसू नका, पोलिसांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ती पोचही त्याच प्लास्टिकच्या पिशवीत.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं. तेव्हा मी म्हणते, कागद लिहून ठेव. काय नेलं, काय ठेवलं, कुठे चाललीस, कुणाबरोबर. पत्ता लिहायला भीती वाटत असेल तर पोचल्यावर कळव. पण आईनं शोधत फिरावं, असं जाऊ नकोस.

कौंडण्यपूरहून आजही दरवर्षी आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. भावाच्या मनाविरुद्ध गेलेली लेक, आणि तिचं माहेर अजून पायी चालत तिला भेटायला जातं. ते वारकरी वाटेनं जाताना दिसले की मला आमची माय आठवते, हातात पिशवी घेऊन एसटीतून उतरणारी.

तर श्रोतेहो, पळून जाताना काय नेसावं? रोजचं नेसावं. चपला जुन्या, कागद अंगाजवळ, सोनं देव्हाऱ्यात. आणि चिखलदऱ्याला येणार असाल तर, लग्न करून या, नुसते फिरायला या, पण स्वेटर विसरू नका.