पहिला पूर माशांचा : हौशी मासेमारीचा हंगाम आणि मर्यादा

(रेणापूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुक्यातील अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या परिसरात माशांच्या हंगामाविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, प्रयोजन आहे ते त्या दुष्काळामुळेच. बारमाही वाहणाऱ्या नदीत माणसाने थोडा अतिरेक केला, तरी ती कदाचित सावरू शकेल. आपली रेणा आणि ती जिला मिळते ती मांजरा या नद्या मात्र दरवर्षी जवळजवळ नव्याने जन्मतात. उन्हाळ्यात डोहांत उरलेले थोडके मासे हेच त्यांचे बियाणे असते. शेतकरी कितीही अडचणीत आला तरी बियाण्याच्या पोत्याला हात लावत नाही. नदीच्या बियाण्याबाबत आपण तेवढे सावध आहोत काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मासेमारीवर ज्यांची चूल पेटते त्या भोई बांधवांना आणि त्यांच्या सहकारी संस्थांना उपदेश करावा, असा माझा हेतू नाही. पाण्याची आणि माशाची त्यांची जाण आपल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. मी बोलणार आहे ते सुटीच्या दिवशी गळ घेऊन काठावर बसणाऱ्यांविषयी. त्यांत शाळकरी मुले आहेत, शिक्षक आहेत, कार्यालयांतील आमच्यासारखे नोकरदार आहेत. हा छंद चांगला आहे. तो माणसाला नदीकाठी नेतो आणि शांत बसावयास शिकवितो. परंतु छंद हा छंद असल्यामुळेच त्याला मर्यादा घालून घेणे सोपे असते. हौशी माणसाचे त्यात पोट अडकलेले नसते.

आषाढ, श्रावण आणि माशांचा विणीचा काळ

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या जलाशयांतील परिचित मासे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण तेथे आपणहून वीण करीत नाहीत. त्यासाठी त्यांना पुराचे वाहते, गढूळ, नव्या पावसाने थंडावलेले पाणी हवे असते. म्हणूनच पूर्वी मत्स्यबीज केवळ नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली आणि मत्स्यबीज केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. त्या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस देशभर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. ही तारीखही पावसाळ्यातीलच आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच.

नदीतील अनेक जातींचे मासे पहिला मोठा पूर येताच प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात. यांनाच आपल्याकडे चढणीचे मासे म्हणतात. ओढ्यांत आणि पुराने बुडालेल्या गवताळ काठांवर ते अंडी घालतात. या वेळी मासा थकलेला, अंड्यांनी जड झालेला आणि बेसावध असतो. वाटेत बंधारा आला की त्याच्या पायथ्याशी मासे दाटी करतात. तेथे कोणीही टोपली बुडवावी आणि भरून काढावी, इतके ते सोपे असते. हे सोपेपणच घातक आहे. रोहूच्या मादीत तिच्या वजनाच्या दर किलोमागे साधारणतः दोन ते तीन लाख अंडी असतात. त्यांतून मोठे होणारे मासे अगदी थोडे, हे खरे. परंतु चढणीवर पकडलेल्या मादीमागे तेवढेही उरत नाहीत.

आपल्या समाजाला संयम अपरिचित नाही. श्रावणात कितीतरी घरांत मांस-मासे शिजत नाहीत. पण त्याआधीच्या आषाढात, आखाडाच्या नावाने, भरपूर शिजतात. मृग बरा बरसला तर चढणीचा पहिला लोंढा नेमका आषाढात येतो. श्रावणात आपण ज्याला अभय देतो तो मासा तोवर अंडी टाकून मोकळा झालेला असतो, नाहीतर आखाडाच्या ताटात गेलेला असतो. पाऊस लांबला तर मात्र श्रावणच कामी येतो. तेव्हा मी असे सुचवितो की, नियम एका महिन्याचा न ठेवता मृग नक्षत्रापासून पोळ्यापर्यंतचा ठेवावा. या काळात हौशी माणसाने गळ खुंटीला टांगून ठेवावा. जून आणि जुलै मिळून ६१ दिवस समुद्रात यांत्रिक नौकांनी मासेमारी करावयाची नाही, हा नियम कोकणातील मच्छीमार पोटाला चिमटा घेऊन पाळतात. आपल्याला तर केवळ हौसेला चिमटा घ्यावयाचा आहे.

मरळ आणि उन्हाळ्यातील डोह

मरळ माशाची गोष्ट थोडी निराळी आहे. तो पाणवनस्पतींत जागा करून अंडी घालतो आणि पिले बाहेर पडल्यावर आई-बाप त्यांची राखण करतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी तांबूस पिलांचा पुंजका हलताना दिसला की त्याखाली मरळ आहे, हे जाणकार ओळखतो. पिलांजवळ जे येईल त्याच्यावर तो झडप घालतो, म्हणून गळाला झटकन लागतो. पण राखणदार गेला की पिलांचा पुंजका इतर मासे आणि पक्षी थोड्याच वेळात फस्त करतात. एका माशाच्या मोबदल्यात शेकडो माशांचे नुकसान होते. पिले दिसली तर गळ गुंडाळून पुढे जावे. एवढा एक नियम शाळेतील मुलांना पाठ झाला तरी पुष्कळ झाले.

दुसरा नाजूक काळ चैत्र-वैशाखाचा. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी गळाशी झगडलेला मासा सोडून दिला तरी अनेकदा वाचत नाही. त्यातच डोह आटून मासे एका जागी कोंडलेले असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. अशा वर्षी एखाद्या गावाच्या वाकणावर उरलेला कमरेएवढ्या पाण्याचा डोह हीच आसपासच्या नदीची शेवटची कणगी असते. त्यात जाळे फिरविणे किंवा विष कालवणे म्हणजे पुढील अनेक वर्षांचे पीक एका दुपारी कापून नेणे होय.

मर्यादा कशासाठी

परदेशांतील उदाहरण पाहू. युरोपातील सॅमन हा मासा समुद्रात वाढतो आणि विणीसाठी आपल्या जन्माच्या नदीत परत येतो. गळाने सॅमन पकडणे हा तेथील प्रतिष्ठित छंद आहे. तरीही स्कॉटलंडमध्ये प्रत्येक नदीला बंदीचा काळ ठरलेला आहे, रविवारी सॅमनसाठी गळ टाकता येत नाही, आणि २०१६ पासून दरवर्षी नद्यांची प्रतवारी होते. ज्या नदीत मासा कमी, तेथे पकडलेला प्रत्येक सॅमन सोडून द्यावा लागतो. नॉर्वेने जून २०२४ मध्ये भर हंगामात ३३ नद्यांतील सॅमनची मासेमारी थांबविली, कारण परतलेल्या माशांची संख्या फारच कमी दिसली. नियम माशांची मोजदाद पाहून ठरावा, हे तत्त्व यातून घेण्यासारखे आहे.

आपल्या देशातही हिमाचल प्रदेशात ट्राऊट माशाची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते. ट्राऊट हा सॅमनच्याच कुळातील, थंड पाण्यात हिवाळ्यात वीण करणारा मासा. आपले मासे पावसाळ्यात वीण करतात. म्हणजे बंदीचे महिने प्रदेशाप्रमाणे बदलतात. त्यामागचा विचार एकच राहतो.

महाराष्ट्रात याला श्रद्धेचेही पाठबळ लाभले आहे. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे, वरदायिनी देवीच्या नावाने, काळ नदीच्या डोहातील महसीर मासे लोकांनी राखले आहेत. महसीर हा भारतीय नद्यांतील गळबहाद्दरांचा सर्वांत आवडता मासा. पुण्याजवळच्या नदीतील निळसर परांच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले आणि त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले. धरणे आणि बेसुमार मासेमारी यांमुळे तो विरळ होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात त्याचे बीज तयार करण्याचे केंद्र चालविले. एकदा संपत आलेली जात परत आणावयाची तर केवढा खटाटोप लागतो, याचे हे उदाहरण आहे.

काय करता येईल

पाण्यात स्फोटके उडवून किंवा विष टाकून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच गुन्हा ठरविला. पुढे राज्याने १९६० मध्ये स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. विजेची तार पाण्यात सोडण्याचा प्रकार तर माणसांच्याही जिवावर बेततो. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत मत्स्यव्यवसाय पाचव्या क्रमांकावर आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. साधने आहेत, ती वापरात आणावयाची आहेत. माझ्या काही सूचना अशा :

१. प्रत्येक गावाने आपल्या शिवारातील निदान एक खोल डोह राखीव म्हणून ग्रामसभेच्या ठरावाने ठरवावा आणि त्याची नोंद जैवविविधता नोंदवहीत करावी. त्या डोहात बारमाही गळ अथवा जाळे नको.

२. मृगापासून पोळ्यापर्यंत हौशी मासेमारी बंद ठेवावी. बंधाऱ्याच्या पायथ्याशी या काळात कोणीच मासे धरू नयेत.

३. एका माणसाने एका दिवसात दोनच मासे घरी न्यावेत. रोहू, कटला, मृगळ हातभर लांब झाल्याशिवाय आणि मरळ दीड वीत झाल्याशिवाय ठेवू नये. म्हणजे एकदा तरी वीण करण्याची संधी त्याला मिळते. फार मोठी मादीही सोडावी, कारण तिच्यात अंडी सर्वांत अधिक असतात.

४. सोडावयाचा मासा ओल्या हाताने धरावा, कल्ल्यांत बोट घालू नये. गळाचा उलटा काटा कानशीने घासून टाकल्यास मासा चटकन सुटतो. गळ खोल गिळला असेल तर ओढू नये, दोरी कापावी.

५. चिलापी आणि परदेशी मांगूर यांना ही मर्यादा नको. परदेशी मांगूर पाळण्यास केंद्र सरकारची २००० पासून बंदी आहे. असा मासा सापडल्यास तो परत सोडू नये, तसेच दुसऱ्या पाण्यातही नेऊ नये.

६. भंडारवाडीच्या रेणा प्रकल्पासारख्या जलाशयात गळ टाकण्यापूर्वी मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे याची चौकशी करून परवानगी घ्यावी. संस्थेने पैसे खर्चून सोडलेले बोटभर मासे काढून नेणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील रोप उपटण्यासारखे आहे. चालू आदेश आणि बंदीचा काळ जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावा.

यांतील मापे आणि संख्या या कायद्याच्या नाहीत, माझ्या सूचना आहेत. आपल्या नदीचा अनुभव पाहून आणि भोई बांधवांना शेजारी बसवून आपण त्या कमीजास्त कराव्यात. समुद्रातील ५४ जातींच्या माशांसाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये किमान आकार ठरवून दिला. नदीच्या माशांसाठी गावाने ठरविण्यास कोणाची आडकाठी असेल असे वाटत नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती. शाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावावा. पहिला पूर कोणत्या तारखेला आला, मरळाची पिले केव्हा दिसली, डोहात पाणी किती उरले, कोणत्या जातीचे मासे गळाला लागले, एवढेच मुलांनी लिहावे. चार-पाच वर्षांनी तो तक्ता ग्रामसभेपुढे ठेवला, तर नियम सैल करावयाचा की कडक, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. नदीची अशी नोंद त्या गावाशिवाय दुसरे कोणीही ठेवू शकणार नाही.

मित्रहो, आपल्या भागात पाऊस केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. तो येईल तेव्हा प्रवाहावर चढून जाण्यासाठी डोहात चार मासे जिवंत असावेत, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आपल्या डोहाचे नाव लिहावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!