माळ्यावरची तलवार

घटस्थापना झाली की आमच्या लोणी काळभोरच्या जुन्या घरांतून एक ठरावीक आवाज ऐकू येऊ लागतो. खसाखसा घासण्याचा. खंडेनवमीच्या पूजेला घरातली शस्त्रं काढायची म्हणून कुणी चिंच आणि राख घेतो, कुणी विटेची भुकटी करतो, आणि अलीकडे बहुतेक जण हार्डवेअरच्या दुकानातून सरळ पॉलिश पेपरच आणतात. दुपारपर्यंत तलवार अशी चकाकते की तीत तोंड पाहून घ्यावं. घरची माणसं समाधानानं म्हणतात, "बघा, कशी नव्यासारखी झाली!" या 'नव्यासारखी' शब्दाविषयीच मला आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी माझा स्वतःचा अपराध सांगतो. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. आमच्या घरी एक तलवार होती, काळपट पडलेली, पाठीवर बारीक खरबरीत. दसऱ्याआधी ती साफ करण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि मी दोन दिवस पॉलिश पेपर घेऊन बसलो. आजोबांनी पाठ थोपटली. पुढे बऱ्याच वर्षांनी, एम. ए. झाल्यावर, मी त्यांना विचारलं की आपल्या तलवारीवर काही लिहिलेलं होतं का. ते म्हणाले, "होतं की. पाठीवर होतं. तुझ्या पणज्याला वाचता यायचं." आज भिंग लावून पाहिलं तर एक 'श्री' दिसतो आणि पुढे एका आकड्याचा वरचा अर्धा भाग. तो चार आहे की पाच, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. जी मला खरबरीत घाण वाटली, ती अक्षरं होती.

अक्षरांचं मोल काय असतं, ते २०२५ साली साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार लंडनला लिलावात निघाली, ती राज्य सरकारनं ४७ लाख १५ हजार रुपये मोजून सोडवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला आणली. पातं युरोपीय बनावटीचं, सरळ, एकधारी. मूठ मुल्हेरी पद्धतीची, सोन्याचं काम केलेली. परंतु ही रघूजींची, हे कशावरून ठरलं? पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव आणि 'सेनासाहेब सुभा' हा किताब आहे, म्हणून. ती ओळ कुणी भक्तिभावानं घासून काढली असती, तर ती एक सुरेख जुनी तलवार राहिली असती. रघूजींची राहिली नसती.

या बाबतीत जपानी माणसांची एक रीत मला फार आवडते. जपानी तलवारीचं पातं मुठीत शिरतं, तो दांडा लाकडी मुठीत केवळ बांबूच्या एका खुंटीवर अडकवलेला असतो. खुंटी काढली की मूठ सुटते आणि उघडा दांडा हाती येतो. लोहार आपलं नाव घालतो ते या दांड्यावर. बाकीचं पातं तिथले कारागीर वेगवेगळ्या दगडांवर दिवसेंदिवस उजळत बसतात, पण दांड्याच्या गंजाला हात लावत नाहीत. त्या गंजाचा रंग आणि पोत पाहून जाणकार वयाचा अंदाज बांधतो. दांडा घासलेला दिसला की संग्राहक नाक मुरडतो आणि किंमत उतरते. गंज हा त्यांच्या लेखी दस्तऐवजच आहे. १९४५ च्या पराभवानंतर तिथे तलवारी जप्त होऊ लागल्या, हजारो नष्ट झाल्या. तेव्हा ज्या कलावस्तू म्हणून वाचवायच्या त्या ओळखता येणारी माणसं त्यांच्याकडे होती, म्हणून पुष्कळशा तरल्या. आज तिथे प्रत्येक तलवारीचा नोंदणीचा दाखला असतो, आणि तो तलवारीच्या नावे असतो. मालक बदलला तरी दाखला तलवारीबरोबर जातो.

आपल्या तलवारीची रचना निराळी. आपला दांडा आखूड असतो आणि तो लोखंडी मुठीत लाखेनं बसवलेला असतो. म्हणून आपल्याकडे नाव, साल, खूण काही असलंच तर बहुधा उघड्या पात्यावर, पाठीवर नाहीतर मुठीवर. मूठ हलते म्हणून ती चुलीवर धरून लाख पातळ करायची, हा उद्योग कृपा करून करू नये. पात्याचं पाणी त्या उष्णतेनं उतरतं.

आता तलवार हातात घेऊन पाहायची कशी? म्यानातून काढताना म्यानाची शिवण बोटांनी आवळून धरू नका. जुन्या म्यानाचं लाकूड आतून कापलं गेलेलं असतं, आणि धार शिवणीतून बाहेर येऊन बोटं जातात. धार वरच्या बाजूला ठेवावी, पाठीवर भार देऊन सावकाश काढावी. पात्याला उघडा हात लावू नये. घामाच्या बोटाचा ठसा आठवड्याभरात तांबडा होऊन वर येतो.

पहिला प्रश्न वजनाचा. आमच्याकडे प्रत्येक गावात अशी एक तलवार असते की जी पूर्वज एका हातानं फिरवत आणि आता दोन माणसांना उचलत नाही. श्रोतेहो, लढाईची तलवार साधारण एक किलोच्या आगेमागे असते. दिवसभर घोड्यावर बसून ती चालवायची असते, मुसळ नव्हे. जेजुरीचा सुमारे ४२ किलोचा खंडा दसऱ्याला एका हातावर तोलतात, दातांत धरून उचलतात, ते कसब मोठंच. पण तो खंडा देवाला वाहिलेला आहे, रणातला नाही. तेव्हा कुणी दहा किलोची 'लढाईतली' तलवार विकायला आणली, तर चहा पाजून वाटेला लावावं.

दुसरा प्रश्न मुठीचा. मुलं मला नेहमी विचारतात, "सर, मूठ एवढी लहान, म्हणजे मावळ्यांचे हात लहान होते का?" नव्हते. ही मूठ पंजात घट्ट बसावी अशीच केलेली असते. पुष्कळदा पहिलं बोट आडव्या दांडीच्या पुढे, पात्याच्या बिनधारी भागावर वळवून धरत. तसं धरून पाहिलं की मनगट आपोआप सरळ होतं, आणि मूठ लहान का, ते सांगावं लागत नाही. बोटांवरून खाली येणारी जी पट्टी, ती परज. सरळ पात्याच्या खंड्याला किंवा फिरंगेला हाताभोवती रुंद पत्र्याचं आवरण असतं आणि मुठीच्या मागे एक आखूड दांडका निघालेला असतो. वार जोराचा करायचा तर दुसरा हात त्यावर ठेवता येतो. कोपरापर्यंत लोखंडी हातमोज्यासारखी मूठ असेल, तर तो पट्टा. महाराष्ट्रानं २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्र ठरवलं, तेव्हापासून शाळकरी पोरांनाही तो ठाऊक झाला आहे.

'फिरंग' हे नावच सांगतं की पातं बाहेरचं. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज आणि इतर गोऱ्या व्यापाऱ्यांकडून युरोपातली पाती येत, आणि आपले कारागीर त्यांना आपल्या मुठी बसवीत. शिवछत्रपतींच्या नावाशी जोडलेली जगदंबा तलवार १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भारतभेटीत कोल्हापूरकडून त्याला गेली आणि ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचंही पातं युरोपीय आहे. यात कमीपणा काही नाही. चांगलं पातं मिळेल तिथून घ्यावं आणि आपल्या हाताला जुळेल अशी मूठ बसवावी, हे शहाणपणच म्हणायचं. अशा पात्यांवर कधी दातेरी चंद्रकोरी दिसतात, कधी धावता लांडगा. मात्र या खुणांची नक्कल युरोपात झाली तशी आपल्याकडेही झाली. खूण पाहून हुरळून जाऊ नये.

शिक्षक बंधु-भगिनींसाठी एक सांगतो. पात्यावर साल असेल तर ते बहुधा इसवी सन नसतं. शक असेल तर ७८ मिळवा. म्हणजे शके १६६७ हे १७४५ होईल. शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. मुलांना फळ्यावर हे गणित घातलं तर इतिहासाचा एक तास सत्कारणी लागतो.

काही पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी, किंवा लाकडाच्या रेषांसारखी बारीक नक्षी दिसते. ती कोरलेली नसते, पोलादाच्या अंगचीच असते. तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू या भागांत मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि पालापाचोळा किंवा लाकूड घालून हे पोलाद करीत. त्याच्या लाद्या इराणपर्यंत जात. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले, आणि पुढे खुद्द मायकेल फॅरेडे त्याच्या अभ्यासात गुंतले. ज्या पोलादाचं कोडं सोडवायला फॅरेडे बसले, त्याला आमचा पोरगा ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर लावतो! घासल्यावर ही नक्षी दिसेनाशी होते. कारागिराच्या चाकावर धरून पातं तापलं, तर नुकसान त्याहून मोठं.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडंसं. आरशासारखं, डाग न पडणारं पातं असेल तर ते स्टेनलेस पोलाद, आणि ते विसाव्या शतकात आलं. सगळीकडे एकाच जाडीचं पातं, मुठीला वेल्डिंगचा सांधा, वर पिवळा मुलामा, ही लग्नातली तलवार. नवरदेवाच्या हाती शोभते. बाजारात 'जपानी' म्हणून मिळतात त्याही बहुधा अशाच शोभेच्या. आणि कायदा ध्यानात ठेवावा. नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. आपल्या भागात काय नियम लागू आहे, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्यानं ती पुरावस्तू ठरते. ती तुम्हा-आम्हाला परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. दारावर येऊन रोख पैसे पुढे करणाऱ्याला आधी तो परवाना दाखवायला सांगा. पुष्कळदा गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं.

मग पूजा करायची की नाही? अवश्य करायची. पण घासायची नाही. कोरड्या मऊ सुती फडक्यानं धूळ टिपावी, शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. खोबरेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं. काळसर झालेला थर तसाच राहू द्यावा. तो लोखंडाचं रक्षण करतो. तांबडी भुकटी सुटत असेल तरच ती काळजी करण्यासारखी. हळदकुंकू मुठीला वाहावं, फुलं पाटावर ठेवावी, आणि संध्याकाळी पातं पुसून ठेवावं. लिंबू तलवारीनं कापू नये, विळीनं कापावं. हे मी आमच्या आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तलवारीचा उपयोग काय?" तिचं अजून समाधान झालेलं नाही. आणि एक: तलवार वर्षभर म्यानात कोंडून ठेवू नये. म्यानाच्या लाकडाला पावसाळ्यात ओल धरते. फडक्यात गुंडाळून निराळी ठेवावी, म्यान निराळं.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी थेऊरच्या बाजूनं मुद्दाम भेटायला आला. घरात वाटण्या चालल्या होत्या. जमीन तीन भावांत बसली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, तलवार एकच. धाकट्याचं म्हणणं, विकून पैसे वाटून घ्या, मोटारीचं तरी काम होईल. एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं होतं आणि दुसऱ्या खेपेला त्यानं किंमत दुप्पट केली होती. मी म्हटलं, दुप्पट करतो म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय, जे तुम्हाला दिसत नाही. निदान ते काय, एवढं तरी आधी पाहा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तलवार न नेता आधी छायाचित्रं घेऊन जा. पाठीचं, दोन्ही बाजूंचं, मुठीच्या आतल्या बाजूचं, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि एका कागदावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या: ही कुणाची, कुठून आली, कुणाच्या तोंडून ऐकलं. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणूनच लिहा.

छायाचित्रं काढताना त्यांना मुठीच्या आतल्या बाजूला ठिपक्या-ठिपक्यांनी पाडलेली एक ओळ दिसली. इतकी वर्षं पूजा करून ती कुणाच्या नजरेस आली नव्हती, कारण चिंच-राखेचा हात तिथवर पोचलाच नव्हता. ती अजून पुरती वाचून झालेली नाही. वाचून होईपर्यंत विकायची नाही, एवढ्यावर तिघे भाऊ कबूल झाले आहेत, आणि तोवर तलवार थोरल्या चुलतीच्या खोलीत आहे. किल्ली तिनं कमरेला लावली आहे.