एका ऑक्सिजनचा फरक
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषाशिक्षक. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण नववीच्या एका मुलाच्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली. मी रागावलो, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "सर, ही अब्बांची आहे. मी फक्त दुकानातून आणतो." नुसते रागावून भागणार नव्हते, म्हणून विज्ञानाच्या सरांकडून पुस्तके आणून वाचली.

तंबाखूची पाने वाळवताना आणि मुरवताना तिच्यातील अमाइने व नायट्राइट यांच्यापासून नायट्रोसामाइने तयार होतात. १९५६ साली इंग्लंडमध्ये मॅगी आणि बार्न्स यांनी अशाच एका नायट्रोसामाइनमुळे उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो हे दाखवून दिले. तंबाखूतील दोन नायट्रोसामाइने आज माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतात.

हे वर्गात सांगितले, तेव्हा त्याच मुलाने विचारले, "सर, या विषाचे दुसरे काही करता येत नाही का?"

प्रश्न हुशारीचा होता. नायट्रोसामाइनमध्ये नायट्रोजनला चिकटलेला 'एनओ' गट असतो. त्याला आणखी एक ऑक्सिजन मिळाला की 'एनओ-टू' होतो आणि नायट्रामाइन तयार होते. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. पण त्याला तीव्र रसायने आणि प्रयोगशाळा लागते. आपल्या तोंडात ते होत नाही. शिवाय नायट्रामाइन म्हणजे काही अमृत नव्हे. आरडीएक्स हे स्फोटक त्याच कुळातले. उलट शरीरात गेलेल्या नायट्रोसामाइनवर आपल्याच पेशींतील विकरे क्रिया करतात. त्यातून निघालेले तुकडे पेशीतील डीएनएला चिकटतात आणि तिथे बिघाड सुरू होतो.

म्हणून मी त्या मुलाला म्हणालो, "बाळा, या विषाचे दुसरे काही करायचे असेल, तर ते तोंडात जाण्यापूर्वीच."

पालकहो, २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. पण दुकानदाराला कायदा दाखवण्याआधी मुलाच्या हातावर पैसे कोण ठेवतो, ते पाहू या. वसईहून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या मारणारी कुटुंबे आपण पाहिली आहेत. त्या वाटेवर आपल्या मुलाला आपणच धाडू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.