तळघरातली सायकल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या कार्यवाह बाईंनी मला "इटलीतील अनुभव" या विषयावर चार शब्द बोला असे सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर रोममधली चर्चे, व्हेनिसचे कालवे, पिसाचा कललेला मनोरा असे काहीतरी असणार. ते सगळे मी पाहिले, नाही असे नाही. पण त्याची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लेखणीची वाचली आहेत. तेव्हा मी बोलणार आहे सायकलीवर. आत्ताच मागच्या रांगेत हसू फुटले ते मला ऐकू आले. हसा, माझी हरकत नाही. माझ्या घरी चार जुन्या शर्यतीच्या सायकली आहेत, त्यांपैकी दोन दिवाणखान्यात भिंतीला टांगलेल्या आहेत, आणि "अहो, इथे माणसे राहतात की सायकलचे दुकान आहे?" असे विचारणाऱ्या पाहुण्यांची मला सवय झाली आहे.

ह्यांची बदली मिलान शहरी झाली ती २०१२ साली. तीन वर्षे आम्ही तिथे होतो. भाषा येत नाही, ओळख नाही, हे सकाळी आठाला गेले की संध्याकाळी सातापर्यंत भिंतींशी बोलायचे. खालच्या मजल्यावर एक ऐंशीच्या घरातल्या बाई एकट्या राहत. सगळे त्यांना नुसतेच "सिन्योरा" म्हणत, म्हणजे आपल्याकडे "बाई" म्हणतात तसे. मीही तेच म्हणे. तिकडच्या जुन्या इमारतींना तळघर असते आणि प्रत्येक बिऱ्हाडाला त्यात एकेक कोठडी. एकदा सिन्योरांच्या कोठडीतून डबे वर आणून द्यायला मी खाली गेले, आणि खोक्यांच्या मागे मला ती दिसली. टायर कुजलेले, हँडलवरची पट्टी सुटून लोंबत असलेली, अंगावर धुळीचा थर. पण उचलून पाहिली तर काय! पुण्यात वडिलांची काळी सायकल मी जिन्यावरून चढवीत असे, तेव्हा कंबर मोडायची. ही जेमतेम दहा किलोची, एका हातात आली.

"माझ्या नवऱ्याची," सिन्योरा म्हणाल्या. "कारखान्यात कामाला होता, रविवारी शर्यतीत पळायचा. घेऊन जा तू. नाहीतर माझ्यामागे भंगारवाला नेईल. झाली की मला दाखव मात्र."

हे हलकेपण कशाने येते, हे मला पुढे कळले. मिलानमध्येच अँजेलो लुईजी कोलंबो यांनी १९१९ साली नळ्यांचा कारखाना काढला. पुढे त्यांच्या नळ्यांना कोलंबस हे नाव पडले. कोलंबो म्हणजे कबूतर, म्हणून नळीवरच्या चिठ्ठीवरही कबूतर. या पोलादी नळ्या आतून सगळीकडे सारख्या जाड नसतात. टोकांशी, जिथे सांधा यायचा, तिथे ०.९ मिलिमीटर, आणि मध्ये, जिथे ताण कमी, तिथे ०.६. नखाएवढी जाडी म्हणा ना! पोळी लाटताना आपण कडा पातळ ठेवतो, त्याच्या नेमके उलट. या नळ्या नक्षीदार खोबणींत बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रणाने डाग देतात. जो कारागीर आच जास्त लावील त्याची सायकल आज ना उद्या सांध्यापाशी तडकते.

मिलानच्या आसपास अशा कारागिरांची वस्तीच होती. विगोरेल्ली म्हणून १९३५ साली बांधलेले सायकल शर्यतींचे मैदान आहे. त्याच्या लाकडी धावपट्टीच्या खालच्या जागेत फालिएरो मासी यांनी आपला कारखाना थाटला, तो पुढे त्यांच्या मुलाने चालवला. वर शर्यती, खाली कानस घासण्याचा आवाज. कांबियागो गावचे एर्नेस्तो कोलनागो यांनी १९५४ साली लहानसे दुकान काढले, आणि १९७२ साली त्यांनीच बनविलेल्या पावणेसहा किलोंच्या सायकलीवर बेल्जियमच्या एडी मर्क्स यांनी मेक्सिकोत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर काटले. गिअर, ब्रेक वगैरे साहित्य विचेन्झाच्या कांपान्योलोंचे. हे तुल्लिओ कांपान्योलो स्वतः शर्यतीत पळत. १९२७ साली बर्फात एका घाटावर चाक काढायचे होते, पण गारठलेल्या बोटांनी चाकाचे नट काही केल्या फिरेनात, आणि शर्यत हातची गेली. त्यातून एका झटक्यात चाक सुटेल अशी खिट्टी त्यांना सुचली, अशी गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. गोष्ट कितपत खरी ते देव जाणे, पण ती खिट्टी आज आपल्या पुण्यातल्या मुलांच्या सायकलींनाही असते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री होते. मी सायकल घेऊन दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी आधी सायकलीकडे पाहिले, मग माझ्या साडीकडे, आणि मग परत सायकलीकडे. गिअरच्या मागच्या यंत्रावर "७३" असे आकडे कोरलेले होते, ते त्यांनी फुंकर मारून मला दाखविले. म्हणजे यंत्र १९७३ सालचे. मग त्यांनी मला एक स्टूल दिले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्या स्टुलावर जाऊन बसू लागले, ती पुढे दोन वर्षे.

पहिले तीन आठवडे सीटच्या दांड्यातच गेले. दांडा अल्युमिनियमचा, नळी पोलादाची. घामाचे आणि पावसाचे पाणी आत उतरले की दोन्ही धातू एकमेकांना असे धरून बसतात की जणू एकाच धातूचे. घाई करून पिळले तर कागदासारखी पातळ नळीच मुरगळते. आम्ही रोज तेलाचे चार थेंब सोडायचे, सायकल उलटी टांगायची, आणि वाट पाहायची. एका शुक्रवारी दांडा केसभर हलला. मिस्त्रींनी कॉफी मागविली. तसा समारंभ मी नंतर कुठल्या लग्नातही पाहिला नाही!

पायडलच्या मधल्या भागातले छर्रे एकेका बाजूस अकरा, त्यांतले ग्रीस मेणासारखे झालेले. सुटलेला प्रत्येक भाग मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत, वर चिठ्ठी. क्रोमवर चढलेला गंज काढायला मिस्त्रींनी काय सांगितले असेल? आपण डब्यात पोळ्या गुंडाळतो तो चकचकीत कागद! त्याचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला की गंज निघतो. हे मात्र आज घरी जाऊन करून पाहा.

आता जे सांगायचे ते सांगते. ऑगस्टमध्ये मिलान ओस पडते. सगळी दुकाने बंद, मिस्त्रीही गावी गेलेले. सांगाडा मात्र माझ्या घरी होता. रंग लाल, पण जागोजागी उडालेला, आणि वरच्या दांडीवर, खालच्या नळीवर लहान लहान ठिपके, जरा निराळ्याच लाल रंगाचे, कुणीतरी अनाडीपणाने लावावेत तसे. मला वाटले, मिस्त्री येईपर्यंत आपणच हे निपटून टाकावे. बाजारातून रंग काढायचे औषध आणले आणि दोन दिवसांत सांगाडा पार खरवडून काढला. कबुतराची चिठ्ठी गेली, कारागिराच्या नावाची अक्षरे गेली, सगळे गेले. लख्ख पोलाद पाहून मला धन्यता वाटली. सप्टेंबरात मिस्त्री आले. त्यांनी तो सांगाडा पाहिला, डोक्यावरची टोपी काढून बाकावर ठेवली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "नवा रंग केव्हाही देता येतो, जुना एकदाच असतो." उघडे पोलाद गंजेल म्हणून त्यांनीच तो रंगाऱ्याकडे पाठविला आणि पहिल्यासारखाच लाल रंग देवविला.

सायकल उभी राहिली. मी ती सिन्योरांच्या दारात नेली. त्या "सुंदर, सुंदर" म्हणाल्या, आणि मग वरच्या दांडीवरून बोट फिरवू लागल्या. एकदा इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. मला वाटले धूळ पाहत आहेत. त्यांनी विचारले, "माझे ठिपके कुठे आहेत?"

मला आधी अर्थच लागेना. मग हळूहळू कळले. रविवारी खडकाळ रस्त्यावर खडे उडून रंगाचे टवके जात. उघड्या जागेवर गंज धरू नये म्हणून शनिवारी रात्री जेवणे झाली की नवरा सायकल स्वयंपाकघरात आणी, आणि या आपल्या नखांना लावायच्या रंगाच्या बाटलीतून एकेक ठिपका देत. कुठला ठिपका कुठल्या शर्यतीचा हे त्यांना पाठ होते. सगळ्या घरात त्यांच्या हातचे त्याच्या सायकलीवर एवढेच होते, आणि मी ते डाग समजून खरवडून टाकले होते. त्या रागावल्या नाहीत. "तुला कसे ठाऊक असणार?" म्हणाल्या, आणि मला बिस्किटे दिली. ती बिस्किटे माझ्या घशाखाली उतरेनात. त्यानंतर महिनाभर मी सायकलीला हात लावला नाही, आणि खरे सांगते, जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी दार लावून घेत असे.

तो अबोला मिस्त्रींनीच मोडला. त्यांनी मला अल्फोन्सिना स्त्रादा या बाईंची हकीकत सांगितली. आपल्या मंडळात ती सांगितलीच पाहिजे. १८९१ सालचा जन्म, गरीब घर. लग्नात नवऱ्याने काय भेट द्यावी? तर शर्यतीची सायकल! १९२४ सालच्या जिरो द'इतालिया या शर्यतीत त्यांनी नाव घातले. ३,६१३ किलोमीटर, बारा टप्पे, सगळे पुरुष. वाटेत एका टप्प्यावर वारापावसात हँडल मोडले, तिथे झाडूचा दांडा बांधून त्या पुढे गेल्या असे सांगतात. वेळेची मर्यादा टळली म्हणून त्यांचे नाव यादीतून निघाले, तरी त्या थांबल्या नाहीत. ९० जण निघाले होते, ३० पोचले; आणि यादीत नसलेल्या या बाईही मिलानला पोचल्या. पुढे त्यांनी मिलानमध्ये सायकलचे दुकान चालविले. मिस्त्री म्हणाले, "ती बाई झाडूचा दांडा बांधून पुढे गेली, आणि तुम्ही स्टुलावर यायच्या बंद झालात!" मला लाज वाटली. दुसऱ्या मंगळवारी गेले.

तेव्हापासून मी सायकल खरवडीत नाही. धुते, तेल घालते, गंज थांबविते, आणि राहते तशी राहू देते. तस्कनी प्रांतातल्या गायोले गावी १९९७ पासून "एरोइका" नावाची फेरी निघते, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून. १९८७ च्या आधीची पोलादी सायकल हवी, गिअरचे खटके खालच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून गेलेल्या हव्यात, असे तिथे नियम आहेत. आम्ही ती नुसती पाहायला गेलो होतो. सोवळ्याचे नियम आपल्याकडे फार असे म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे! पण त्या गर्दीत मी पाहिले की ज्या सायकलींभोवती जाणती माणसे वाकून उभी होती, त्या चकचकीत नव्हत्याच. ओरखडे, फिकट अक्षरे, दांडीवर कुणाच्या तरी गुडघ्याने पडलेला घट्टा. तिथल्याच जुन्या बाजारातून मी माझी दुसरी सायकल घेतली, आणि तिचा एक टवकाही मी भरलेला नाही. तिसरी आणि चौथी कशा आल्या ते ह्यांच्यासमोर सांगणे बरे नव्हे.

२०१५ साली निघायची वेळ आली. सामान बांधताना लाल सायकलीचा सांगाडा जिन्याच्या कठड्यावर आपटला, आणि वरच्या दांडीवरचा नवाकोरा रंग नखाएवढा उडाला. मी "अगं बाई!" म्हणून ओरडले ते अर्थात मराठीत. सिन्योरा दार उघडून बाहेर आल्या, टवका पाहिला, आत गेल्या, आणि हातात लहानशी बाटली घेऊन आल्या. "हे चालेल का?" त्यांनी विचारले. मी काय बोलणार? मी सायकल आडवी धरली. त्यांचा हात कापत होता, म्हणून ठिपका जरा लांबट झाला. वाळेपर्यंत आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो.

पुण्यात आल्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यांनी पायडलचा उजवा कप खोलायला घेतला आणि सवयीने उजवीकडे पाना लावला. आपल्याकडे इंग्रजी पद्धत, त्या बाजूचे आटे उलटे. इटालियन सायकलीत दोन्ही बाजूंचे आटे सारखेच, दोन्ही डावीकडेच सुटतात. मी ओरडले नसते तर कप आणखीच आवळला असता. "बाई, तीस वर्षांत मला कुणी असे शिकविले नव्हते," ते म्हणाले. रागाने की कौतुकाने, ते मला अजून कळलेले नाही. पण आता असली सायकल त्यांच्याकडे आली की ते आधी मला निरोप धाडतात.

ती लाल सायकल मी आज आणली आहे, बाहेर व्हरांड्यात उभी आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी, उचलून पाहावी, मुलींनी तर बसूनही पाहावे. वरच्या दांडीवर सीटजवळ लांबट ठिपका आहे, तो बोट लावल्याशिवाय चटकन दिसत नाही. फक्त टायरची हवा कुणी सोडू नये. मागच्या पंधरवड्यात आमच्या सोसायटीतल्या मुलांनी ती दोनदा सोडली आहे, आणि तो पंप मी घरी विसरले आहे.