शटरचा रंग शेवटी ठरवा

स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं की पहिली चर्चा शटरच्या रंगाची होते. माझं म्हणणं, ती शेवटी करा.

आधी गॅसची नळी पाहा. सुरक्षा नळीची मुदत ५ वर्षं. मुदत संपली असेल तर आजच बदला. एवढ्या थोड्या पैशांत एवढी मोठी सुरक्षितता दुसऱ्या कशातच मिळत नाही.

मग वायरिंग. २००० वॅटची इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते. तिला ६ अँपिअरचं सॉकेट पुरत नाही, १६चं लागतं. टाइल्स बसल्यावर भिंत फोडण्यापेक्षा हे आधीच करा.

तिसरी ओट्याची उंची. घरात रोज जे उभं राहून रांधतं, त्या माणसाच्या कोपराखाली ४ ते ६ इंच. मिस्त्रीच्या ठरावीक मापावर जाऊ नका. कंबर मिस्त्रीची दुखणार नाही.

सिंकखाली आयएस ७१० चं प्लायवूड घ्या, ते पाण्याला टिकतं. चिमणी घ्याल तर धूर बाहेर नेणारी. नुसती गाळणीवाली वाफ आणि उष्णता घरातच सोडते.

उरलेल्या पैशात शटर करा. रंग पुढेही बदलता येतो. ओटा फोडून उंच करायला कोणी धजत नाही, आणि ती चूक कोणाची तरी कंबर वर्षानुवर्षं भोगते.