मशेरी आणि पोटातले बाळ

आपल्या मोऱ्यात बाई विडी ओढताना क्वचितच दिसेल. मशेरीची डबी मात्र अनेक घरांत उघडते. माझी आई गरोदरपणीही मशेरी लावीत असे; मळमळ थांबते म्हणे. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच! तिच्यातील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, वारेतून बाळाला मिळणारे रक्त कमी पडते. मुंबईतील १२१७ गर्भवतींची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मशेरी-तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. अपुऱ्या दिवसांची बाळेही त्यांच्यात अधिक होती. असे बाळ आजाराला लवकर बळी पडते.

सुनेला बोल लावून सवय सुटत नाही. सासूने आपली डबी, नवऱ्याने आपली विडी आधी टाकावी. मुलाच्या शिक्षणाची तयारी त्याच्या जन्माआधीच सुरू होते.